दाखल क्रमांक चौदाशे बारा

उद्या तपासणी. वर्धेहून साहेब येणार,
जेवूनच निघतो म्हणाले, म्हणजे चहाला येतील.
पुस्तकात कुणी लिहिलेलं दिसलं की शेरा मारतात,
मागच्या साली तीन हजार त्यातच कापले गेले.
म्हणून बसले आहे खोडरबर घेऊन,
पुढ्यात चौदाशे बारा.

‘तांबड्या चंद्रावरची सातवी पलटण.’
कुणी दान दिलं, नोंद नाही.
पुठ्ठ्यावर चिलखतातला माणूस, तोंडापुढे काच,
काचेत दोन सूर्य.
आठ वर्षांत एकसष्ट घरं फिरून आलंय,
एकदा कुणाच्या तरी बंडीत रात्रभर राहिलं
आणि सरकीचा वास घेऊन परतलं.

पान नऊ. शिसपेन दाबून, अक्षर तिरपं:
“लेखकानं रात्रपहारा केलेला नाही.
एकाचेही मोजे ओले नाहीत.”
हे पुंजाराम गवईंचं. अठरा वर्षं फौजेत,
आता गिरणी चालवतात, भुवयांत पीठ.
खाली दुसऱ्या हातानं: “चंद्रावर पाणी कुठून आणू जी काका?”
त्याच्याही खाली, पुन्हा तिरपं:
“घाम येते ना बे.”
पुसलं.

पुलगावच्या डेपोतले शेषराव ढोके
लाल शाईनं लिहितात, ते पुसलं जाणार नाही:
“एकशे दहा पानं गोळीबार चालू,
एक पावती फाटली नाही.
असा भांडारपाल असता तर मी कधीच निलंबित झालो असतो.”

प्रणाली मोहोड भरतीची तयारी करते,
पहाटे कॅनॉलच्या रस्त्यावर तिचे बूट ऐकू येतात.
कॅप्टन तारिणीचे केस वाऱ्यावर उडाले की
ती समासात एक बारीक रेघ ओढते.
सतरा रेघा. चंद्रावर वारा कुठला, हेही एकदा विचारलंय.
पण तारिणी जखमी शिपायाला ओढत नेते त्या पानावर
नुसतं एवढंच: “हे खरं. दुखतं ते इथेच, उजव्या बरगडीखाली.”

नववीतल्या कुणीतरी यानाचा वेग काढून दाखवलाय,
अख्खा समास भरून, लेखक खोटा ठरवून.
शेजारी मास्तरांची बरोबरची खूण नाही:
“हातचा विसरलास.”

मग पान दोनशे बारा.
एका ओळीत चार हजार मेले,
आणि पुढच्या ओळीत पलटण जेवायला बसली.
रंजू उईके, आशाताई, गावातला प्रत्येक जन्म
आणि ताप वहीत मांडणारी,
तिनं तिथे एकच शब्द लिहिलाय:
“नावं?”

त्याखाली लोकांनी नावं लिहायला घेतली.
वेगवेगळी अक्षरं, कुणी हिरव्या खडूनंसुद्धा.
चैतू. रमणलाल. बळवंत दुसरा. शिपाई मोगरी.
एक नाव तर झाड्यांच्या बैलाचं आहे, मी ओळखते.
त्रेचाळीस झाली, कागद संपला,
पुढच्या पानावर गेले तर लढाई पुन्हा सुरू झालेली.

चव्वेचाळिसावं अक्षर माझं आहे. नाव नाही, प्रश्न.
सुमित्रा कोवेला वाचता येत नाही.
मोठा पोरगा लडाखला; धाकटी तिला
संध्याकाळी पाच-पाच पानं वाचून दाखवायची.
पुस्तक परत करताना तिनं विचारलं,
“तिथून घरी कोण कळवते, बाई?”
पुस्तकात ते नव्हतं. तसं सांगितलं.
“मंग अर्धंच लिहिलं ना त्यानं,”
म्हणाली, आणि पिशवीतून बोरं काढून टेबलावर ठेवली.
ती गेल्यावर मी पहिल्यांदा नियम मोडला.

रबर ठेवलं.
देवघेव वहीत, चौदाशे बाराच्या पुढे,
लिहिलं: बांधणीसाठी बाहेर.
पुस्तक डब्याच्या पिशवीत, डब्याखाली.

पान नऊ मात्र पुसून बसले होते.
उद्या साहेब गेले की दळणाचं निमित्त करून
गवईकाकांकडून पुन्हा लिहून आणावं लागेल.
इतकं दाबून मला लिहिता येत नाही.